भूऔष्णिक क्षेत्रांतील द्रायूंचे रासायनिक निरीक्षण व पुनःक्षेपण

भूऔष्णिक क्षेत्रातील विहिरींतून बाहेर येणारे उष्ण पाणी, वाफ आणि त्यांच्याबरोबरचे वायू (या सर्वांना मिळून येथे द्रायू म्हटले आहे) यांचे ठराविक काळाने रासायनिक विश्लेषण करून भूगर्भातील साठ्यात होणारे बदल ओळखणे याला द्रायूंचे रासायनिक निरीक्षण म्हणतात. वाफ वेगळी काढल्यावर उरलेले पाणी, तसेच टरबाइनातून गेलेल्या वाफेचे संघनन होऊन मिळालेले पाणी खास विहिरींतून पुन्हा जमिनीत सोडण्याच्या क्रियेला पुनःक्षेपण म्हणतात. या दोन गोष्टी वरवर निराळ्या वाटल्या, तरी व्यवहारात त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. पुनःक्षेपण न केल्यास साठ्यातील दाब घटत जातो आणि क्षारयुक्त पाणी नदीनाल्यांत जाते. ते चुकीच्या जागी केल्यास थंड पाणी उत्पादक विहिरींकडे वळून चांगले क्षेत्र निकामी होऊ शकते. जमिनीखाली एक-दोन किमी. खोलीवर यांपैकी काय घडत आहे, हे तापमापकावर दिसण्यापूर्वी बहुधा पाण्यातील क्षारांवरून कळते. या विषयाचे व्यावहारिक महत्त्व मुख्यतः याच गोष्टीत आहे. [⟶ भूऔष्णिक ऊर्जा].

इटलीतील लार्देरेल्लो येथे पीएरो जिनोरी काँती यांनी १९०४ मध्ये नैसर्गिक वाफेवर जनित्र चालवून पाच दिवे लावले व तेथेच १९१३ मध्ये २५० किवॉ. क्षमतेचे पहिले वीजनिर्मिती केंद्र सुरू झाले. या ठिकाणी एकोणिसाव्या शतकापासून उष्ण पाण्यातून बोरिक अम्ल मिळविले जात असे. म्हणजे भूऔष्णिक क्षेत्रांच्या बाबतीत रसायनशास्त्र विजेच्या आधीपासून कामाला लागले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. न्यूझीलंडमधील वायराकेई (१९५८) आणि कॅलिफोर्नियातील द गीझर्स (१९६०) ही केंद्रे यानंतरची होत. सुरुवातीच्या काळात वापरलेले पाणी जवळच्या नदीत सोडून देणे हीच रीत होती. वायराकेई येथील पाणी आर्सेनिकासह वायकाटो नदीत जाई. तेथील साठ्यातून पाणी काढले जात राहिले, पण परत काहीच गेले नाही. त्यामुळे दाब उतरला, गीझर व्हॅली या नावाने प्रसिद्ध असलेल्या दरीतील उष्णोदकाचे फवारे बंद पडले आणि एका भागात जमीन सु. १५ मी. खचली. एल साल्वादोरमधील आवाचापान येथे १९७० च्या सुमारास पुनःक्षेपणाचे प्रयोग झाले व १९७५ मध्ये केंद्र सुरू झाल्यावर ते मोठ्या प्रमाणावर करण्यात आले. यानंतर ही पद्धत हळूहळू सर्वत्र रूढ झाली.

पाण्यातील घटक व त्यांचा अर्थ : भूऔष्णिक पाणी हे मुख्यतः जमिनीत मुरलेले पावसाचेच पाणी असते, हे हार्मन क्रेग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांच्या (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या प्रकारांच्या) मापनावरून दाखवून दिले. अशा पाण्यातील जड हायड्रोजनाचे (ड्यूटेरियमाचे) प्रमाण त्या प्रदेशातील पावसाच्या पाण्याइतकेच आढळते; ऑक्सिजन-१८ चे प्रमाण मात्र तप्त खडकांशी झालेल्या देवघेवीमुळे वाढलेले असते.

खोलवरचे पाणी दीर्घकाळ तप्त खडकांच्या सान्निध्यात राहिल्याने त्यात अनेक पदार्थ विरघळतात. त्यांचे दोन वर्ग पाडता येतात. क्लोराइड, बोरॉन यांसारखे घटक एकदा पाण्यात आले की सहसा पुन्हा खनिजांत शिरत नाहीत; त्यांची संहती (पाण्याच्या विशिष्ट वस्तुमानातील प्रमाण) केवळ पाणी आटल्याने वा त्यात दुसरे पाणी मिसळल्याने बदलते. याउलट सिलिका, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे प्रमाण खनिजांशी होणाऱ्या समतोलावर आणि म्हणून तापमानावर अवलंबून असते. पहिल्या वर्गातील घटक पाणी कोठून आले ते सांगतात, तर दुसऱ्या वर्गातील घटक ते किती तापले होते ते सांगतात.

या दुसऱ्या गुणधर्माचा उपयोग करून बनविलेल्या सूत्रांना रासायनिक तापमापक म्हणतात. क्वॉर्ट्झ या खनिजाची विद्राव्यता तापमानाबरोबर वाढत जाते. एक किग्रॅ. पाण्यात १०० मिग्रॅ. सिलिका असेल, तर ते पाणी सु. १३७° से. तापमानाला क्वॉर्ट्झाशी समतोलात होते असे निघते, २५०° से. तापमानाला हेच प्रमाण सु. ४९० मिग्रॅ. होते. आर. ओ. फोर्निए व ए. एच. ट्रूस्डेल यांनी १९७३ मध्ये सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम या तिहींवर आधारलेला तापमापक मांडला. या दोन प्रकारच्या तापमापकांची चाल सारखी नसते. पाणी थंड होऊ लागले की सिलिकेचे प्रमाण तुलनेने लवकर बदलते, तर सोडियम व पोटॅशियम यांचे गुणोत्तर जुन्या तापमानाची खूण पुष्कळ काळ टिकवून धरते. त्यामुळे पूर्वी जुळत असलेली दोन्ही उत्तरे एखाद्या विहिरीत एकमेकांपासून दूर जाऊ लागली आणि सिलिकेचे उत्तर खाली येऊ लागले, तर त्या विहिरीकडे नुकतेच थंड पाणी येऊ लागले आहे असा संशय घेण्यास जागा असते.

नमुने घेणे : विश्लेषणाची सर्व भिस्त नमुन्यावर असते आणि हे काम दिसते तितके सोपे नाही. विहिरीच्या तोंडाशी पाणी व वाफ एकत्र आलेली असतात. म्हणून नळाला एक लहानसा विभाजक जोडून ज्ञात दाबाखाली पाणी व वाफ वेगळी केली जातात आणि दोहोंचे नमुने स्वतंत्रपणे घेतात. कोणत्या दाबास विभाजन केले याची नोंद नसेल, तर बाकीचे आकडे निरुपयोगी ठरतात. पाणी थंड होताच त्यातील सिलिका वेगळी होऊ लागते. त्यामुळे सिलिकेसाठीचा नमुना जागच्या जागी शुद्ध पाण्याने विरल करावा लागतो. धातूंसाठीच्या नमुन्यात गाळल्यानंतर अम्ल घालतात. वायूंसाठी निर्वात केलेल्या काचेच्या बाटलीत दाहक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) ठेवतात. कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू त्यात शोषले जातात आणि हायड्रोजन, मिथेन, नायट्रोजन यांसारखे न विरघळणारे वायू वरच्या मोकळ्या जागेत साठतात. ही पद्धत न्यूझीलंडचे रसायनशास्त्रज्ञ वेर्नर गिगनबाख यांच्या नावाशी निगडित आहे. प्रयोगशाळेत धन व ऋण आयनांच्या (विद्युत् भारित अणू वा अणुगटांच्या) विद्युत् भारांची बेरीज जुळते की नाही हे पाहून विश्लेषण पडताळतात.

पुनःक्षेपणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची नोंद म्हणजे केंद्र सुरू होण्यापूर्वीची मूळ स्थिती होय. ती नसेल, तर नंतरचा बदल कशाशी ताडून पाहायचा, हा प्रश्न उरतो व तो पुढे कितीही खर्च केला तरी सुटत नाही.

परत येणाऱ्या पाण्याची ओळख : समजा, २५०° से. तापमानाच्या साठ्यातील पाण्यात एका किग्रॅ.मध्ये २,००० मिग्रॅ. क्लोराइड आहे. हे पाणी वर आणून वातावरणीय दाबास उकळू दिले, तर त्याच्या वस्तुमानाचा सु. ३०% भाग वाफ होऊन जातो. क्लोराइड वाफेबरोबर जात नाही; ते सर्व उरलेल्या ७०% पाण्यात राहते व त्याची संहती सु. २,८५० मिग्रॅ. होते. हे खारट झालेले पाणी पुनःक्षेपित केले आणि काही महिन्यांनी शेजारच्या उत्पादक विहिरीतील साठ्याच्या पाण्याचे क्लोराइड २,००० वरून २,२१० मिग्रॅ.वर गेले, तर साध्या हिशोबाने त्या विहिरीच्या पाण्याचा सु. एक-चतुर्थांश भाग पुनःक्षेपित पाण्याचा आहे असे ठरते. हे मिश्रण पुन्हा उकळून पुन्हा जमिनीत जात असल्याने प्रत्येक फेरीत पाण्याचा खारटपणा वाढत जातो.

परंतु क्लोराइडाची वाढ हा एकट्याने पुरेसा पुरावा नव्हे. दाब उतरल्याने साठ्यातील पाणी जमिनीखालीच उकळू लागले तरी उरलेल्या पाण्यातील क्लोराइड वाढते. त्या वेळी मात्र विहिरीतून येणाऱ्या द्रायूतील वाफेचे प्रमाण आणि दर किग्रॅ.मागील उष्णता वाढते, तर पुनःक्षेपित पाणी आले असता उष्णता स्थिर राहते किंवा घटते. पुनःक्षेपित पाण्यातील वायू आधीच निघून गेलेले असल्याने त्याच्यापासून झालेल्या वाफेत वायूंचे प्रमाणही कमी आढळते. याउलट वरच्या थरांतील गोडे भूजल साठ्यात उतरू लागले, तर क्लोराइड घटते, मॅग्नेशियम वाढते आणि कित्येकदा सल्फेटही वाढते. तिन्ही घटना एकाच क्षेत्राच्या निरनिराळ्या भागांत एकाच वेळी घडत असणे मुळीच दुर्मिळ नाही. म्हणून एका विहिरीच्या एका नमुन्यावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा सर्व विहिरींच्या अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडून पाहणे श्रेयस्कर ठरते.

क्षार आधी, थंडी मागाहून : पुनःक्षेपित पाणी खडकातून सरकताना त्याच्यातील क्लोराइड पाण्याबरोबरच पुढे जाते, थंडपणा मात्र त्याच वेगाने पुढे जात नाही. तप्त खडक वाटेतल्या पाण्याला उष्णता देतो व ते पुन्हा तापते. खडकाचा एखादा भाग पुरेसा निवल्यावरच थंडीची सीमा पुढे सरकते. सर्वत्र सारखी १०% सच्छिद्रता असलेल्या खडकात ही सीमा पाण्याच्या वेगाच्या सु. एक-सप्तमांश वेगाने पुढे जाते असे गणिताने दाखविता येते. म्हणजे उत्पादक विहिरीत क्लोराइड एका वर्षाने दिसले, तर थंडी पोहोचण्यास आणखी काही वर्षे लागतील. या मधल्या काळात पुनःक्षेपणाची जागा बदलणे, त्याचा वेग कमी करणे किंवा काही विहिरींना विश्रांती देणे शक्य असते. प्रत्यक्षात बहुतेक भूऔष्णिक साठे एकजिनसी नसून भेगा व विभंग यांनी भरलेले असतात. रुंद भेगेतून वाहणाऱ्या पाण्याचा खडकाशी संपर्क थोडा येतो. त्यामुळे ही मुदत पुष्कळच कमी होते आणि क्वचित जवळजवळ उरतही नाही.

मागद्रव्ये : कोणत्या पुनःक्षेपण विहिरीतील पाणी कोणत्या उत्पादक विहिरीकडे जाते हे क्लोराइडावरून सांगता येत नाही. त्यासाठी पाण्याचा माग काढता येईल असे द्रव्य एका विहिरीत एकदाच सोडतात व सभोवारच्या विहिरींतील नमुने ठरलेल्या वेळी तपासतात. याकरिता फ्लुओरेसीन हा रंग, पोटॅशियम आयोडाइड, तसेच आयोडीन-१३१ (अर्धायुष्य सु. ८ दिवस) व ट्रिटियम (अर्धायुष्य सु. १२ वर्षे) हे किरणोत्सर्गी समस्थानिक वापरण्यात आले आहेत. वायराकेई येथे आयोडीन-१३१ च्या साहाय्याने विहिरींमधील भूमिगत वाटा शोधण्यात आल्या. फ्लुओरेसीन अत्यल्प प्रमाणातही ओळखता येते, पण जास्त तापमानात ते टिकत नाही. म्हणून १९९० नंतर नॅप्थॅलीन सल्फोनेट गटातील उष्णतारोधी संयुगे प्रचारात आली. मागद्रव्य पहिल्यांदा केव्हा दिसले, त्याचे प्रमाण केव्हा सर्वाधिक झाले आणि एकूण किती परत मिळाले, या तीन गोष्टींवरून वाटेची रुंदी व खडकाशी येणारा संपर्क यांचा अंदाज बांधतात. पहिली खूण काही तासांत वा एक-दोन दिवसांत दिसली, तर ती विहीर पुनःक्षेपणासाठी वापरू नये हेच बरे.

फिलिपीन्समधील पालिनपिनॉन या नेग्रोस बेटावरील क्षेत्राचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील ११२·५ मेवॉ. क्षमतेचे पहिले केंद्र १९८३ मध्ये सुरू झाले. खालच्या बाजूस ओकॉय नदीच्या पाण्यावर शेती होत असल्याने बोरॉनयुक्त पाणी नदीत सोडणे शक्य नव्हते. म्हणून प्रारंभापासूनच सर्व पाणी जमिनीत परत घालण्यात आले. डोंगराळ प्रदेशात जागा थोडी असल्यामुळे पुनःक्षेपणाच्या विहिरी उत्पादक विहिरींपासून फार दूर नव्हत्या. थोड्याच काळात काही उत्पादक विहिरींतील क्लोराइड वाढू लागले. विश्लेषणे व मागद्रव्यांचे प्रयोग यांवरून दोहोंमधील विभंगांच्या वाटा निश्चित झाल्या आणि अधिक दूरच्या विहिरींकडे पाणी वळविण्याचे धोरण स्वीकारावे लागले. जपानमधील हाचोबारू (१९७७) येथेही पुनःक्षेपित पाणी वेगाने परतून उत्पादक विहिरी निवल्याचे आढळले होते. या दोन्ही ठिकाणी दोष पुनःक्षेपणाच्या तत्त्वाचा नव्हता; अंतराचा व भूमिगत भेगांविषयीच्या अपुऱ्या माहितीचा होता.

बाष्पप्रधान साठे : लार्देरेल्लो व द गीझर्स येथील साठ्यांतून पाणी न येता कोरडी वाफच येते. येथे अडचण उलट प्रकारची असते : परत घालण्यास पाणीच पुरेसे नसते. टरबाइनातून गेलेल्या वाफेचे संघनन होऊन मिळालेले बहुतेक पाणी शीतक मनोऱ्यात बाष्पीभवनाने उडून जाते व काढलेल्या वस्तुमानाचा सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भागच परत घालता येतो. द गीझर्स येथे मूळ दाब सु. ३·५ मेगॅपास्काल व तापमान सु. २४०° से. होते. १९८० नंतरच्या दशकात तेथे एकामागून एक केंद्रे उभारली जाऊन स्थापित क्षमता सु. २,००० मेवॉ. झाली. १९८७ मध्ये उत्पादन शिखरास पोहोचले आणि नंतर दाब व उत्पादन दोन्ही झपाट्याने उतरू लागले. खडक तप्तच होता. संपत चालले होते ते पाणी. अनेक कंपन्या एकाच साठ्यातून स्वतंत्रपणे वाफ काढीत होत्या, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

यावर योजलेला उपाय असा की, शेजारच्या गावांचे शुद्धीकरण केलेले सांडपाणी नळांनी आणून साठ्यात सोडावयाचे. लेक परगण्यातील सांडपाणी १९९७ पासून, तर सँटा रोझा शहराचे २००३ पासून येऊ लागले. दुसऱ्या योजनेतून आरंभी दररोज सु. ४ कोटी लि. पाणी मिळत असे. दाबाची घट मंदावली आणि वाफेतील असंघननीय वायूंचे प्रमाणही काही भागांत कमी झाले. येथे क्लोराइडाचा उपयोग नाही, कारण ते वाफेबरोबर येत नाही. त्याऐवजी समस्थानिक कामी येतात. शीतक मनोऱ्यात हलके रेणू आधी उडून जात असल्याने मागे राहिलेल्या पाण्यात ड्यूटेरियम व ऑक्सिजन-१८ यांचे प्रमाण वाढलेले असते. हे पाणी जमिनीखाली वाफ होऊन परत आले म्हणजे त्याची खूण उत्पादक विहिरीत स्पष्ट दिसते. लार्देरेल्लो येथेही १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या प्रयोगांत याच पद्धतीने पुनःक्षेपित पाण्याचा वाफेतील वाटा मोजण्यात आला.

सिलिकेचे निक्षेप : वर दिलेल्या उदाहरणातील २५०° से. तापमानाच्या पाण्यातून वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात सिलिकेचे प्रमाण ४९० वरून सु. ६९० मिग्रॅ. होते. १००° से. तापमानाला मात्र अस्फटिकी सिलिका सु. ३६५ मिग्रॅ. एवढीच विरघळू शकते. जास्तीची सिलिका नळांत, पुनःक्षेपण विहिरीत आणि तिच्या भोवतालच्या खडकातील भेगांत साचते व विहिरीची पाणी घेण्याची क्षमता घटत जाते. भेगांत साचलेली सिलिका काढणे फार अवघड असते. पाणी फारसे निवू न देता दाबाखाली तसेच परत घालणे, त्यात थोडे अम्ल मिसळून सिलिकेचे बहुलकीकरण (लहान रेणू जोडले जाऊन मोठे रेणू बनण्याची क्रिया) मंदावणे, संघनित पाण्याने ते विरल करणे किंवा कुंडात साठवून सिलिका आधीच खाली बसू देणे असे उपाय करतात. पहिल्या उपायात उष्णतेचा काही भाग वाया जातो, म्हणून प्रत्येक क्षेत्रात वीज अधिक काढावी की विहीर अधिक काळ टिकवावी यांत निवड करावी लागते. आइसलँडमधील स्वार्त्सेंगी केंद्राचे (१९७६) पाणी लाव्हाच्या खडकावर सोडले असता सिलिकेने तळातील भेगा बुजल्या व दुधाळ निळे तळे तयार झाले. ब्लू लगून या नावाने ते आज प्रवाशांचे आकर्षण झाले आहे. सिलिकेचा उपद्रव असा लाभदायक ठरल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

भूकंप व वायू : थंड पाणी शिरल्याने खडक आकसतो आणि भेगांतील दाब वाढतो, परिणामी लहान भूकंप होतात. द गीझर्स परिसरात असे असंख्य धक्के नोंदले जातात. त्यांतील बहुतेक माणसांना जाणवत नाहीत, परंतु जाणवणाऱ्या धक्क्यांविषयी आसपासच्या वस्त्यांची तक्रार जुनी आहे. आइसलँडमधील हेल्लिशेइदी केंद्राच्या हूस्मूली या पुनःक्षेपण विभागात २०११ मध्ये ४ च्या आसपास महत्तेचे धक्के बसले. तप्त कोरड्या खडकात जोराने पाणी घालून भेगा निर्माण करण्याच्या प्रयोगांत धोका अधिक असतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील असा प्रयोग डिसेंबर २००६ मधील भूकंपानंतर थांबवावा लागला, तर दक्षिण कोरियातील पोहांग येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये झालेल्या हानिकारक भूकंपास अशीच क्रिया कारणीभूत झाल्याचा निष्कर्ष शासनाने नेमलेल्या तज्ञांनी २०१९ मध्ये दिला. म्हणून रासायनिक नोंदींबरोबर भूकंपमापकांच्या नोंदीही ठेवल्या जातात. धक्क्यांच्या केंद्रांची मांडणी केल्यास पाणी कोणत्या दिशेने जात आहे याचाही सुगावा लागतो.

हेल्लिशेइदी येथेच वायूही पाण्यात विरघळवून परत घालण्यात येतात. २०१२ मध्ये बेसाल्ट खडकात सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडापैकी सु. ९५% भागाचे दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिजांत रूपांतर झाल्याचे मागद्रव्ये व कार्बनाचे समस्थानिक यांच्या साहाय्याने दिसून आले. हायड्रोजन सल्फाइडही पुढे याच रीतीने परत घालण्यात येऊ लागला.

भारत : महाराष्ट्रातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी (ठाणे जिल्हा), उन्हेरे व सव (रायगड जिल्हा), उन्हवरे, तुरळ व राजवाडी (रत्नागिरी जिल्हा) येथील उष्ण झऱ्यांच्या पाण्याची रासायनिक तपासणी झालेली आहे. त्यांवर वीजनिर्मिती होत नसल्यामुळे तेथे पुनःक्षेपणाचा प्रश्न उद्भवलेला नाही. तो सर्वप्रथम उद्भवेल लडाखमधील पूगा खोऱ्यात. सु. ४,४०० मी. उंचीवरील या खोऱ्यात झऱ्यांचे तापमान ८४° से. पर्यंत म्हणजे त्या उंचीवरील पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या जवळपास असते. टाकणखार (बोरॅक्स) व गंधक यांचे थर तेथे पृष्ठभागावरच दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७० नंतरच्या दशकात येथे उथळ विहिरी वेधल्या व २०२१ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने भूऔष्णिक विकासासाठी लडाख प्रशासनाशी करार केला. खोऱ्यातील ओढ्याचे पाणी सिंधू नदीकडे जाते, गुरे त्याच कुरणांत चरतात आणि विहिरींतून येणाऱ्या पाण्यात बोरॉन भरपूर असतो. त्यामुळे वापरलेले पाणी उघड्यावर सोडण्याचा मार्ग येथे मोकळा नाही आणि खोल विहिरी वेधण्यापूर्वीच झरे, ओढा व उथळ विहिरी यांच्या पाण्याची निदान काही ऋतूंची विश्लेषणे हाती असणे आवश्यक ठरते.